लोण, संधान आणि अचार : तेरच्या परिसरातील लोणच्याचा शब्दाधारे शोध

तेर येथील पांढरीच्या टेकाडांतून गेल्या सव्वाशे वर्षांत जे जे हाती लागले, त्यात मातीच्या भांड्यांची खापरे सर्वांत अधिक आहेत. परंतु त्या भांड्यांत काय साठविले जात असे, याविषयी ती खापरे जवळजवळ मूक आहेत. फ्लीट यांनी १९०१ साली प्राचीन ‘तगर’ म्हणजे हेच तेर असे प्रतिपादन केले, त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स यांनी येथील विटांच्या प्राचीन वास्तूंची पाहणी केली, आणि चापेकर यांचा उत्खननाचा अहवाल १९६९ साली निघाला. विष्णु-मित्रे व त्यांचे सहकारी यांनी येथे सापडलेल्या वनस्पतिअवशेषांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे येथील धान्य-कडधान्याविषयी काही बोलता येते. जळून कोळसा झालेला दाणा दोन हजार वर्षे टिकतो. मिठात मुरलेली फोड टिकत नाही. म्हणून लोणच्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला खापरांपेक्षा शब्दांकडे अधिक विश्वासाने वळावे लागते. शब्दही एका अर्थी खापरेच होत. ती झिजतात, तुटतात, परंतु त्यांच्या कडा जुळवून मूळ घडणीचा अंदाज करता येतो.

तगरचा जो उल्लेख इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आला आहे, तो प्रसिद्धच आहे. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथून साधे कापड, नाना प्रकारची मलमल इत्यादी माल गाड्यांतून भडोचला जात असे, असे तो लेखक सांगतो. त्याच वाक्यात पुढे एक लहानशी नोंद आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. समुद्रकाठच्या प्रदेशांतून येणारा काही मालही तगरात जमा होत असे, असे तेथे म्हटले आहे. हा माल कोणता, हे ग्रंथकार सांगत नाही. तो मीठच होता असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. आणि तगरहून रोमला लोणची जात असत अशी जी हौशी विधाने अधूनमधून केली जातात, त्यांना तर काडीचाही आधार नाही. एवढे मात्र खरे की बालाघाटच्या या कोरड्या पठारावर मीठ पिकत नाही, ते बाहेरून आणावे लागते. आणि समुद्राशी नित्य व्यवहार असलेल्या पेठेत ते दुर्मिळ असण्याचे कारण नव्हते. पुढील काळात हे मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर आणणारे जे लोक, त्यांचे ‘लमाण’ हे नावच ‘लवण’ या शब्दावरून आले असे सामान्यतः मानतात.

येथे ‘लवण’ शब्दाचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे. संस्कृत ‘लवण’ याचे प्राकृतात ‘लोण’ झाले. ‘अव’चा ‘ओ’ होणे ही प्राकृताची नित्याची रीत होय. मराठीत मात्र आज मिठाला कोणी ‘लोण’ म्हणत नाही. त्याची जागा ‘मीठ’ या शब्दाने घेतली आहे, आणि ‘मीठ’ हा शब्द मुळात ‘मिष्ट’ म्हणजे गोड, रुचकर या अर्थाचा आहे. गुजरातीतही मिठाला ‘मीठुं’च म्हणतात. खारट पदार्थाला गोडाचे नाव पडावे, हा अर्थपरिवर्तनाचा एक मनोहर नमुना खरा. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ‘मीठ’ रूढ झाल्यावर ‘लोण’ हा शब्द स्वतंत्रपणे मावळला आणि काही जुन्या घडणींतच अडकून राहिला. दृष्ट काढताना करावयाचे ‘लिंबलोण’, मीठ नसलेल्या अन्नाला लावावयाचे ‘अळणी’ हे विशेषण, बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या सरोवराचे ‘लोणार’ हे नाव, आणि ‘लोणचे’. ज्या शब्दाचा घटक भाषेतून मावळला आहे तो शब्द, घटक जिवंत असतानाच घडलेला असला पाहिजे, हे उघड आहे. ‘लोणचे’ हा शब्द मराठीने घडविला तेव्हा मराठी माणूस मिठाला अद्याप ‘लोण’ म्हणत होता. या अनुमानाने सन-शक हाती लागत नाही, परंतु पौर्वापर्य निश्चित होते.

या शब्दाची फोड ‘लोण’ अधिक षष्ठीचा ‘चे’ अशी करणे सयुक्तिक दिसते. ‘लोणचे’ म्हणजे मिठाचे. मिठाचे काय, ते सांगण्याची गरज बोलणाऱ्यांना वाटली नाही. मराठी स्वयंपाकघरात अशी अर्धी सोडलेली नावे पुष्कळ आहेत. दिवाळीत ‘फराळाचे’ करतात, पाहुण्यांसाठी ‘गोडाचे’ करतात, एकादशीला ‘उपासाचे’ करतात. या सर्वांत विशेष्य गळून विशेषणच नाम झाले आहे. कोणी ‘लोण’ अधिक ‘अचार’ अशी फोड सुचवील. परंतु त्या ‘अचारा’तील ‘र’ कोठे गेला आणि शब्द नपुंसकलिंगी का झाला, याचे उत्तर त्या फोडीतून मिळत नाही.

शेजारच्या भाषांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. कन्नडमध्ये लोणच्याला ‘उप्पिनकायि’ म्हणतात. ‘उप्पु’ म्हणजे मीठ, ‘उप्पिन’ ही त्याची षष्ठी, आणि ‘कायि’ म्हणजे कच्चे फळ. मराठीने जे विशेष्य गाळले ते कन्नडने जपले, एवढाच दोहोंत भेद. तेलुगूतील ‘ऊरगाय’ आणि तमिळमधील तत्सम शब्द यांत मात्र मिठाचा उल्लेख नाही. तेथे मुरण्याच्या क्रियेवरून नाव पडले आहे. म्हणजे या बाबतीत मराठी आणि कन्नड एका बाजूस, तेलुगू व तमिळ दुसऱ्या बाजूस अशी विभागणी दिसते. तेरचा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता आणि त्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथून आग्नेयेस सुमारे १०० किलोमीटरवर आहे, हे लक्षात घेता या साम्याचे नवल वाटू नये. तथापि एका भाषेने दुसरीचे भाषांतर केले असे ठरविण्याची घाई करण्याचे कारण नाही. चूल सारखी, मीठ सारखे, तर नावही सारखे पडू शकते. खरी उसनवारी इतरत्र दिसते. कच्च्या फळाचा ‘कायरस’ हा कन्नड ‘काय’ घेऊनच मराठीत आला. आणि मराठवाड्यात किसलेल्या कैरीच्या लोणच्याला ‘तक्कू’ म्हणतात, त्याचे नाते तेलुगू ‘तोक्कु’शी, म्हणजे ठेचलेल्या लोणच्याशी, जुळते. तीन भाषांच्या सांध्यावरच्या प्रदेशात ताट एकभाषिक कसे राहील?

चालुक्यकाळातच तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ सिद्ध केला (इ. स. च्या बाराव्या शतकाचा पूर्वार्ध), आणि त्यात अन्नभोगाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याआधी शंभर वर्षे, ११ व्या शतकात, चावुंडरायाच्या ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथातही पाकशास्त्राला स्थान मिळाले होते. परंतु राजाच्या मुदपाकखान्याचे वर्णन ते सामान्यांचे अन्न नव्हे. त्यासाठी निषेधाचे ग्रंथ अधिक उपयोगी पडतात, कारण कोणी करीतच नसलेल्या गोष्टीचा निषेध करण्याचे श्रम कोणी घेत नाही. तेरचे जैन परंपरेशी जुने नाते आहे. कनकामराच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ‘तेरापुर’ आणि धाराशिवची लेणी यांची कथा आली आहे. हीरालाल जैन यांनी हे काव्य १९३४ साली संपादून प्रसिद्ध केले. श्रावकांच्या आचारावरील जैन ग्रंथांत जे पदार्थ अभक्ष्य म्हणून गणले आहेत, त्यांत ‘संधान’ येते. संधान म्हणजे मिठात-पाण्यात बराच काळ मुरवून वा आंबवून ठेवलेला पदार्थ. त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, हे निषेधाचे कारण. लोणचे आंबते ते जीवांच्या योगे, हे निरीक्षण सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधीचे आहे आणि ते चुकीचे नाही. त्यावरून काढावयाचा आचारधर्म ज्याचा त्याने ठरवावा.

‘संधान’ हा शब्द वैद्यकाचाही आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत कांजी, शुक्त इत्यादींबरोबर ‘शिंडाकी’ नावाचा एक प्रकार येतो. मुळ्याची पाने आणि मोहरी यांच्या योगे तो आंबवून करीत. मसाला घालून आंबविलेल्या भाजीचे यापेक्षा स्पष्ट प्राचीन उदाहरण शोधावयास नको. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण तो आजच्या चर्चेत वारंवार पुसला जातो. संधानात मीठ थोडे असते, शेकडा २ ते ५ च्या आसपास. त्या प्रमाणात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात आणि त्या आम्लानेच भाजी टिकते. जर्मनांची आंबट कोबी आणि कोरियाची किमची ही याच कुळातील. लोणच्यात मीठ शेकडा १० ते १५ असते, वर तेलाचा थर असतो आणि आत मोहरी. तेथे जिवाणूंना वाढू न देणे हाच हेतू. ‘लोणचे खा म्हणजे पोटात उपकारक जंतू जातील’ हा आजचा लोकप्रिय उपदेश कांजीला लागू पडेल, तेलातल्या लोणच्याला फारसा नाही.

मग ‘अचार’ कोठून आला? हा शब्द फारसी, यात वाद नाही. बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाल्यापासून १९४८ पर्यंत, मध्यंतरीचे सत्ताबदल धरूनही, या भागात फारसी व पुढे उर्दू या दरबारच्या भाषा होत्या, आणि त्यांच्याबरोबर अचार, मुरब्बा हे शब्द आले. परंतु शब्द आला म्हणजे वस्तूही त्याच गाडीतून आली असे होत नाही. इब्न बतूता १३३३ साली हिंदुस्थानात आला. गळून पडलेल्या कच्च्या कैऱ्या येथील लोक मिठात मुरवितात, आले आणि मिऱ्यांचे घोसही तसेच मुरवितात आणि घासागणिक थोडे थोडे खातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. परक्याला ते नवल वाटले, यातच त्याचे देशीपण आले. फारसी शब्दांचे मराठीने पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ‘मुरब्बा’ शब्दात मराठी कानाला ‘मुरणे’ आणि ‘आंबा’ ऐकू आला आणि ‘मुरांबा’, ‘मोरांबा’ ही रूपे झाली. नंतर ‘मोरांब्या’तून ‘मोर’ वेगळा काढून त्याला आवळा जोडला आणि ‘मोरावळा’ तयार झाला. ज्या ‘मोर’ला कोणत्याच भाषेत अर्थ नाही, त्यावर एक नवा पदार्थ उभा राहिला.

मिरचीचेही असेच. ही वनस्पती अमेरिकेतील; पोर्तुगीजांच्या द्वारे १६ व्या शतकात ती आली. नाव मात्र ‘मरिच’, ‘मिरी’ या जुन्या शब्दांवरून घडले. म्हणजे आज तिखटाशिवाय ज्याची कल्पना करवत नाही, त्या लोणच्याचा तिखटपणा मिरी, आले आणि मोहरी यांवर शतकानुशतके चालला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने लिहिलेल्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथाचा काळ प. कृ. गोडे यांनी निश्चित केला. संस्कृत विवेचनात पदार्थांची मराठी नावे सढळपणे येत असल्यामुळे, शब्दाभ्यासकांनी या ग्रंथाकडे याहून अधिक लक्ष द्यावयास हवे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तेरच्या परिसरात कैरी व लिंबू यांखेरीज भोकर, आवळा, करवंद, कवठ, गवार, कारले, तोंडली, हिवाळ्यात गाजर आणि अलीकडे फ्लॉवर यांची लोणची घालतात. माळरानावरील नेपतीची फळेही या कामी येतात. भाजी धुऊन, पुसून, सावलीत कोरडी करावयाची, मीठ-हळद लावून तिचे पाणी सुटू द्यावयाचे. मिठाच्या योगे पेशींतील पाणी बाहेर येते आणि तेवढाच जंतूंना ओलावा कमी राहतो. मग मोहरीची डाळ, तळून कुटलेली मेथी, हिंग, तिखट. आणि तेल तापवून, फोडणी करून, ते पूर्ण गार झाल्यावर ओतावयाचे. गरम फोडणी ओतू नये हा गृहिणींचा दंडक केवळ सवयीचा नाही. मोहरीचा झणझणीतपणा दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून ओलावा लागला की मायरोसिनेज नावाच्या विकराच्या क्रियेने तो उत्पन्न होतो, आणि उष्णतेने हे विकर निकामी होते. जंतूंना रोखणारे द्रव्यही तेच. मोहरी फेसणे आणि फोडणी गार करणे या दोन क्रियांत हे रसायन सांभाळले जाते. बरणीला कोरडा हात लावावा, हाही असाच सकारण नियम. विटाळशीने बरणीला शिवू नये या नियमाला मात्र असा कोणताही आधार नाही, आणि तो कोरड्या हाताच्या नियमाच्या आडोशाने फार दिवस जगला.

तेल या भागात पूर्वी करडईचे असे. करडई हे कोरडवाहू रब्बीचे पीक, म्हणून घाणीवरचे तेल गावातच मिळे. भुईमूग अमेरिकेतून आलेला, त्याचा प्रसार मागाहून झाला.

भांड्याचा प्रश्न याहून अवघड. साध्या भाजलेल्या मातीच्या भांड्यातून खारे पाणी झिरपते, बाहेर मिठाचे कण फुटतात आणि कालांतराने भांड्याचा पापुद्रा सुटतो. झिलईची चिनी बरणी या कामी उत्तम. उत्तरेत तिला ‘मर्तबान’ म्हणतात, ते ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून. इब्न बतूताने समुद्रप्रवासासाठी मिठात घातलेले आले, मिरी, लिंबू, आंबे अशाच रांजणांत पाहिले होते. बरणी खेड्यात सुलभ होण्यापूर्वी कुंभाराच्या भांड्यावरच भिस्त होती आणि भांडे पक्के आहे की नाही, ते ठोकून पाहूनच घ्यावे लागे. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून ‘हे मडके कच्चे’ असा नामदेवांविषयी निवाडा देणारे गोरोबा सर्वांस ठाऊक आहेत. त्या कथेतील रूपक ज्या श्रोत्यांना अर्थ सांगण्यावाचून कळले, त्यांना कच्च्या भांड्याने होणारे नुकसान घरोघरी परिचित होते, एवढे येथे नोंदवावयाचे.

भांडे भरले की तोंडाला दादरा बांधून ते वर्षभरासाठी ठेवतात. त्याचा ताटातील उपयोग काय, याचे उत्तर शहरात आणि तेरकडे वेगळे मिळते. शहरी ताटात लोणचे डावीकडे, मिठाच्या शेजारी, आणि त्याला ‘तोंडीलावणे’ म्हणतात. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात भाकरीबरोबर खावयाच्या पातळ कालवणाला ‘कोरड्यास’ असा शब्द आहे. हे ‘कोरडा’ शब्दाचे चतुर्थीचे रूप होय : कोरड्या भाकरीसाठी जे, ते कोरड्यास. ‘लोणचे’ षष्ठीतून नाम झाले, हे चतुर्थीतून. भाजी नसेल त्या दिवशी, आणि पर्जन्यछायेच्या या मुलखात उन्हाळ्याचे चार महिने असे दिवस पुष्कळ असत, कोरड्यासाचे काम लोणच्याकडे येई. रानात न्यावयाच्या शिदोरीत भाकरी, कांदा आणि लोणच्याची फोड. उन्हात न नासणारे कालवण तेवढेच. धपाटे, दशमी, थालीपीठ यांबरोबर ते चालते, आजारातून उठलेल्याला मऊ भाताबरोबर जुने लिंबाचे लोणचे देतात, आणि फोडी संपल्यावर उरलेला खार टाकून न देता त्यात हिरव्या मिरच्या किंवा गवारी सोडतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला, तेव्हा भाजीपाला ताटातून नाहीसा झाला. अशा वर्षी बरणीतील साठ्याची किंमत तोंडीलावण्याची राहत नाही.

पोषणाच्या दृष्टीने याचे मोल कोणते, हा प्रश्न भाकरीला सोडून विचारता येत नाही. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. केवळ ज्वारीवर जगणाऱ्यांत आढळणाऱ्या पेलाग्रा या विकाराची मीमांसा हैदराबादच्या संशोधनसंस्थेतील गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली केली. लोणच्याने ही उणीव भरून येत नाही, ते काम डाळीचे. ज्वारीतील फायटेटमुळे लोह अंगी लागत नाही, आणि आंबट पदार्थ ते अंगी लागण्यास साहाय्य करतात. या बाबतीत लिंबू व आवळा यांची लोणची उपकारक ठरतील. ताज्या आवळ्यात १०० ग्रॅममागे काहीशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि आंबटपणामुळे मुरल्यावरही त्यातील काही अंश टिकतो. परंतु एका जेवणात लोणचे जाते ते १०-१५ ग्रॅम. तेवढ्यातून जीवनसत्त्वांची रास मिळेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. त्याचे खरे काम तीन गोष्टींत होते. रूक्ष भाकरीला लाळ सुटे आणि ती पोटभर खाल्ली जाई. थोडे तेल पोटात जाई. आणि उन्हात घाम गाळणाऱ्या देहाला मीठ मिळे.

यातील तिसरा गुणच आज दोषाच्या खाती जमा झाला आहे. शेकडा १२ मीठ धरले तर १५ ग्रॅम लोणच्यातून १.८ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी आहे. एका चमच्यात दिवसाचा तृतीयांश संपतो. जुन्या शिदोरीत मिठाचा दुसरा मोठा झरा नव्हता. आता त्याच चमच्याच्या शेजारी पाकिटातील शेव, बिस्किटे आणि तयार मसाले आहेत, खाणारा दिवसभर बसून काम करीत असतो, आणि रक्तदाबाच्या रोग्याला वैद्य पहिल्या दिवशी लोणचे बंद करावयास सांगतो. धाराशिवच्या बाजारात, १५ ग्रॅमच्या त्या चमच्यासाठी, बंद बरणीवर आता बहुधा ‘अचार’ असे छापलेले असते. भोकराचे आणि नेपतीचे मात्र त्या बरण्यांत क्वचितच असते, ते अजून घरीच घालावे लागते.